सोमल पचवणारे जीव

टाकीला तळहात लावला आणि मी तसाच उभा राहिलो. टाकी गार होती.

पावसाळ्याचे दिवस होते, तान्हा पोळा नुकताच झाला होता. पण टाकी शेडखाली होती, तिला बाहेरचा गारठा लागत नसे. रोज हात लावला की ती कोमट लागायची, ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळासारखी. मोटर चालू होती, आतलं पातं फिरत होतं, हवेचे बुडबुडे वर येत होते. सगळं चालू होतं आणि टाकी गार.

शिडी चढून आत पाहिलं. पाणी परवापर्यंत कडक चहाच्या रंगाचं होतं. आता ते फिकट, हिरवट झालं होतं.

"का झालं, डोमाजी?" खालून गुलाबनं विचारलं. गुलाब भोंडे पंपावर होता. "जावई रुसले का?"

"वर ये अन् तूच पाय."

तो वर आला, त्यानं आत पाहिलं, आणि पुढची थट्टा त्याच्या तोंडातच राहिली.

जावई म्हणजे टाकीतले जंतू. आमच्या हिरडीटोल्याच्या डोंगरातला दगड तांब्याचा होता, पण त्यात सोमलही होता. असला दगड भट्टीत घातला तर सोमलाचा विषारी धूर गावभर व्हायचा. म्हणून कंपनीनं नागपूरहून पाठराबे मॅडमना आणलं. मॅडमपाशी हे जंतू होते. ते भाकर खात नाहीत, मांस खात नाहीत, साखर दिली तर बिघडतात. ते दगडातलं लोखंड आणि गंधक खातात, आणि त्यांनी खाल्लं की दगड सैल होऊन तांबं पाण्यात उतरतं. डोळ्यांना ते दिसत नाहीत. दिसतो तो रंग. त्यांनी खाल्लं नसलं की पाणी हिरवट, खाऊन-पिऊन मजेत असले की लालसर तपकिरी. त्यांना पाणी आंबटच लागतं, हवा सारखी लागते, ऊन चालत नाही, थंडी चालत नाही. एवढ्या खोड्या पाहून गुलाबनं त्यांना जावई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव शेडभर झालं.

सोमल त्यांनाही मारतो. मॅडमनी वर्षानुवर्षं त्याचीच त्यांना सवय लावली होती. बाटलीत कणभर सोमल घालायचा. बहुतेक मरायचे, थोडे उरायचे. उरलेल्यांना वाढवायचं आणि मग आणखी जरा जास्त सोमल. पुन्हा बहुतेक मरायचे. असं करत करत जे उरले ते सोमलाच्या पाण्यात असे राहायचे जसे आपण मे महिन्यातल्या चंद्रपुरात राहतो. कुरकुर करत, पण राहतो. बाटल्यांमधून निघून पहिल्यांदाच ते या मोठ्या टाकीत आले होते.

आणि आता टाकी गार.

मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या साडीचा काठ चिखलानं भरला होता. कंपनीची जीप साहेबांसाठी होती, मॅडम एसटीनं यायच्या आणि फाट्यापासून चालायच्या. शिडी चढल्या, पाहिलं, पेल्यानं पाणी काढलं, कागद बुडवला.

"आंबटपणा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मोटर बंद पडली होती का?"

"नाही जी."

"दगड दुसऱ्या ढिगातला घातला?"

"नाही. तुम्ही खडूनं खूण केलेल्यातलाच."

त्या खाली उतरल्या आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून पदरानं पुसला आणि तो पुसतच राहिल्या.

तेवढ्यात मुळावकर साहेब आले. हे आमचे मॅनेजर. त्यांनी टाकीकडे पाहिलंच नाही. आधी आमच्याकडे पाहिलं.

"पोळ्याला कोण कोण पिऊन आलं होतं?"

मग ते मॅडमकडे वळले.

"टाकीत कुणीतरी लघवी केलीय, मॅडम. मी लिहून देतो. या लोकांना मोरी आणि टाकी यातला फरक कळत नाही."

मी म्हटलं, "साहेब, मुतायला कोणी एवढी शिडी चढत नाही. तुमच्या केबिनची भिंत जवळ पडते."

गुलाबला खोकल्याची उबळ आली. साहेबांचे कान लाल झाले.

"पुढच्या आठवड्यात कमिटी येणार आहे," ते म्हणाले. "टाकी चालली नाही तर काम बंद. आणि कुणी केलं हे कळलं नाही तर पाळीवरचा माणूस घरी जाईल. त्या दिवशी पाळीवर कोण होतं, डोमाजी नान्हे?"

"मीच होतो."

"मग समजून घ्या."

मी समजलो. या देशात काही बिघडलं की आधी खालच्या माणसाचा वास घेतात, मग बिघाडाचा. पण खरं सांगतो, मला नोकरीची धास्ती नव्हती. दगड फोडायचे हात होते, कुठेही फोडले असते. धास्ती होती ती पंचफुलाची.

पंचफुला माझी बायको. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी आम्हाला मुलगी झाली होती. महिन्याची व्हायच्या आत गेली. आजारी नव्हती, ताप नव्हता. एका सकाळी उठलीच नाही. त्यानंतर पंचफुलानं शेळी बहिणीकडे धाडून दिली. दारातल्या वांग्यांना पाणी घालणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, "माह्या हातचं काई जगत नाई. काहून त्यायले मारू?"

वर्षभर ती अशी होती. मी डबा नेणं मुद्दाम सोडलं, म्हणजे तरी ती घराबाहेर पडून डबा घेऊन शेडपर्यंत येईल. एके दिवशी ती आली तेव्हा मॅडम बाटल्यांच्या खोलीत एकट्याच होत्या. दोन्ही हातांत दोन बाटल्या, त्या हलवत होत्या. बाटल्या हलवायचं यंत्र मागवलं होतं, ते मुळावकर साहेबांच्या कुठल्यातरी सहीसाठी अडलं होतं.

"ताई, जरा ही धरता का? हात भरून आला माझा," मॅडम म्हणाल्या.

पंचफुलानं दाराबाहेरूनच विचारलं, "याच्यात का आहे?"

"जीव आहेत. बारीक."

"मंग मी नाई धरत."

मॅडमना काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "अहो, फार चिवट आहेत. सोमलात जगतात. तुमच्या हातून काय मरणार?"

तिनं धरली. त्या दिवशी का धरली ते मी तिला कधी विचारलं नाही. पुढे ती रोज यायला लागली. मग मॅडमनी तिला रोजंदारीवर ठेवून घेतलं, बाटल्या हलवायला आणि रंग बघायला. हिरवट बाटली चार-सहा दिवसांत लाल झाली की ती माझ्या डब्याबरोबर बातमी आणायची. "खिडकीपासची लाल झाली." घरी वांग्यांना पाणी सुरू झालं. शेळी मात्र बहिणीनं परत दिली नाही, म्हणाली आता ती माझ्या घरची झाली. यावर पंचफुला हसली होती. वर्षानं हसली होती.

मोठी टाकी भरायची वेळ आली तेव्हा तिच्या जवळजवळ सगळ्या बाटल्या टाकीत रिकाम्या झाल्या. एकच मागे ठेवली होती. बाटल्या रित्या करताना ती शिडीखाली उभी राहून एकेक वर देत होती आणि प्रत्येकीला सांगत होती, "जा."

आता ती डबा घेऊन येणार होती, आणि टाकीला हात लावणार होती. रोज लावायची.

आली. लावला.

"गार आहे," ती म्हणाली.

"मोटर बंद होती सकाळी," मी म्हटलं. "होईल गरम."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मोटरीकडे पाहिलं. मोटर घरघरत होती. तिनं डबा ठेवला आणि बाटल्यांच्या खोलीत न जाता घरी गेली. मी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळेला ती आलीच नाही. सकाळीच म्हणाली होती, अंग दुखते.

त्या दिवशी दुपारी मॅडमनी मला बाटल्यांच्या खोलीत बोलावलं. खिडकीपाशी दोन काचेच्या नळ्या होत्या.

"मागे ठेवलेल्या बाटलीतलं थोडं थोडं दोन्हीत घातलं," त्या म्हणाल्या. "एकीत नवं आंबट पाणी, दुसरीत टाकीतलं, दगड दोन्हीत तोच. नव्या पाण्याची रंग धरतेय. टाकीवाली काल होती तशीच आहे. म्हणजे जंतू म्हातारे झाले नाहीत, उपाशी नाहीत. पाण्यात विष आहे."

"सोमल वाढला?"

"सोमल मोजला. त्याच्या दुप्पट त्यांनी पचवलाय. हे दुसरं काहीतरी आहे." त्या थांबल्या. "तुमच्या डब्यात मीठ असतं ना?"

मी कालच्या न उघडलेल्या डब्यातली मिठाची पुडी काढून दिली. त्यांनी ते मीठ स्वच्छ पाण्यात विरघळवलं. मग टाकीच्या तळातून काढलेलं पाणी गाळून नळीत घेतलं आणि वरून मिठाचं पाणी थेंब थेंब सोडलं. नळीत पांढुरकं धुकं उतरलं, भाताच्या पेजेसारखं. मॅडमनी ती नळी, बाहेर पावसाची उघडीप होती म्हणून, उन्हात नेऊन धरली. आम्ही दोघं पाहत राहिलो. पांढरं हळूहळू जांभळट, मग करडं झालं.

"चांदी," मॅडम म्हणाल्या.

"चांदी?"

"डोमाजी, हे जंतू तांब्यात राहतात, जस्तात राहतात, सोमलात राहायला मी त्यांना शिकवलं. पण चांदी म्हटलं की संपलं. एवढ्या पाण्यात कणभर उतरली तरी पुरे. पारा तसाच. बाकी सगळं पचवतील, या दोन गोष्टी नाहीत. दगडात चांदी नाही, मी स्वतः तपासलाय. मग कुठून आली?"

मला खरंच माहीत नव्हतं.

टाकी उपसली. मोटर थांबवली, पंपानं पाणी बाजूच्या हौदात काढलं, तळाचा गाळ घमेल्यानं काढून चाळणीवर घेतला. गुलाब चाळणी हलवत होता, मी पाणी मारत होतो. गाळ खाली गेला, खडे राहिले, आणि खड्यांत दोन काळपट कड्या राहिल्या.

गुलाबनं एक उचलून मिशीत हसत म्हटलं, "जावयाले आहेर कोणी केला बाप्पा..." आणि मग त्यानं माझं तोंड पाहिलं आणि ती कडी गुपचूप चाळणीत ठेवली.

ते वाळे होते. तान्ह्या पोरीच्या पायातले. पंचफुलाच्या बापानं तुमसरच्या सोनाराकडून करून आणले होते. एकेका वाळ्याला तीन घुंगरं. आंबट पाण्यानं ते झिजून पातळ झाले होते, दोन घुंगरं गळून गेली होती. पण मी ते माझ्या हातानं पोरीच्या पायात घातले होते आणि माझ्याच हातानं काढले होते. मला ओळखू आले.

मी गुलाबला म्हटलं, "तू पंपावर जा."

तो गेला. मॅडम जवळ आल्या.

"कुणाचे आहेत?"

"माझ्या घरचे."

त्यांनी वाळा हातात घेतला, आणि त्याचा लहानसा घेर पाहून त्यांना उरलेलं कळलं असावं. गावात असल्या गोष्टी कुणाकडून तरी कळतातच.  त्यांची चार वर्षं त्या चाळणीत होती, हे मी विसरलो नव्हतो.

आम्ही खोलीत आलो. मी म्हटलं, "मॅडम, मी टाकले म्हणून लिहा. साहेबांना पाहिजेच आहे कोणी तरी. मी टाकले, दारूच्या नशेत टाकले, काय पाहिजे ते लिहा. फक्त पंचफुलाला हे कळता कामा नये."

"का टाकले असतील तिनं?"

"मला माहीत नाही. मी विचारणार नाही."

"मग तिला काय सांगणार?"

"टाकी फुटली म्हणून सांगीन. मोटर जळली म्हणून सांगीन. तिला कामावरून काढून टाका. रडेल, पण जगेल. आपल्या हातानं मेले हे कळलं तर ती पुन्हा उठायची नाही, मॅडम. मी एक वर्ष पाहिलंय. दुसरं पाहायची माझी ताकद नाही."

मॅडम म्हणाल्या, "आणि नाही कळलं तर?"

"तर काय?"

"तर ती पुन्हा टाकेल."

 एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिला वाचवायला निघालो होतो आणि त्यासाठी तिला तिच्या बाटल्यांपासून तोडायला निघालो होतो. दुसरा रस्ताच मी पाहिला नव्हता.

 तेवढ्यात दारात सावली पडली. पंचफुला उभी होती, हातात डबा. अंग दुखते म्हणून घरी राहिलेली बाई डबा घेऊन आली होती. किती वेळची उभी होती देव जाणे.

"आत या, ताई," मॅडम म्हणाल्या.

ती आत आली, पण बाटलीच्या बाजूला गेली नाही. दाराशीच भिंतीला टेकून बसली. टेबलावर वाळे होते. तिनं पाहिले.

"हे काहून काढले?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तू घरी चल."

"थांबा जी." ती मॅडमकडे पाहून बोलायला लागली. "तान्हा पोळा होता. पोट्टे लाकडाचे नंदी घेऊन आलते दारी. सगळ्यायले बोजारा देला, कोणाले पेढा, कोणाले पैसा. आमच्या दारी कोण नंदी ओढणार होतं? मी डबा घेऊन इकडे आली. हे जेवत होते. मी शिडीवर चढली. आदल्या दिवशी सारं गाव बैलाले पुरणपोळी चारून रायलं. सालभर राबते म्हून एक दिवस गोड देतेत. मंग हे टाकीतले पण तं राबून रायले. रोज गोटे खातेत, लोखंड खातेत, त्या इखारात रायतेत. सणाच्या दिवशी यायले गोड काहून नाई? मी इचार केला, यायचं गोड म्हंजे का असन? लोखंडाहून बरं तांबं. तांब्याहून बरी चांदी." ती थांबली. "घरात चांदी तेवढीच होती."

 मला आठवलं, त्या दुपारी मी टाकीच्या आडोशाला बसून तिनं आणलेली पुरणपोळी खात होतो. वरून तिचा आवाज आला होता, पण मी लक्ष दिलं नव्हतं. ती कुणाशी तरी लाडानं बोलत होती.

"मॅडम," पंचफुला म्हणाली, "मी मारले का?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. माझ्या आधी मॅडम बोलल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "चांदी त्यांना चालत नाही. चांदीनं मेले."

मी त्या बाईला तेव्हा मारलं असतं. खरंच सांगतो. माझे हात उठले होते.

पंचफुलानं मान खाली घातली नाही. ती मॅडमकडे पाहतच राहिली. मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या, चिखलाच्या साडीसकट.

"मी किती वेळा मारले सांगू?" त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी सोमल एकदम जास्त घातला, सगळे मेले. मग एकदा बाटल्या साबणानं धुतल्या आणि नीट विसळल्या नाहीत, तेव्हा मेले. एकदा ताप मोजायची काचेची नळी फुटली, पारा पडला. चार थेंब. सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला कुणी काढून टाकलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतंच. रात्री हॉस्टेलवर जाऊन रडायचे आणि सकाळी नवी बाटली भरायचे."

"तुमाले माहीत नव्हतं?"

"काही माहीत होतं, काही मेल्यावर कळलं. तुम्हाला मी सांगायला हवं होतं. रंग बघायला शिकवलं, हलवायला शिकवलं, काय चालत नाही ते सांगितलंच नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही की कुणी त्यांना प्रेमानं काही खायला घालेल."

पंचफुला सरसावून बसली. मग म्हणाली, "सांगा आता."

"काय?"

"का का चालत नाई त्यायले. सारं सांगा."

मॅडम सांगायला लागल्या. चांदी. पारा. साबण. साखर. मीठसुद्धा फार नाही. उसाचा रस, दारू, माणसाचा घाम टाकीत ठिबकणं. पंचफुला एकेकावर मान हलवत होती. मध्येच तिनं विचारलं, "हळद?" मॅडम म्हणाल्या, "हळद मी घालून पाहिली नाही. घालू नका." तिनं विचारलं, "सोनं?" मॅडम म्हणाल्या, "सोनं त्यांच्यानं विरघळतच नाही. पण माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही, तेव्हा राहू द्या." मी दाराला पाठ लावून उभा होतो. मला वाटलं हे असंच चालू राहावं.

मग पंचफुला म्हणाली, "अन् माह्या पोरीले?"

मॅडमना कळलं नाही. "काय?"

"माह्या पोरीले का नाई चाललं?"

तिचा आवाज जसाच्या तसा होता. चांदी, पारा, साबण विचारला त्याच आवाजात तिनं हे विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार. त्यांनी पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही, पंचफुलाताई."

"तुमी एवढं शिकल्या तरी?"

"हो. तान्ही मुलं कधी कधी अशी जातात. कुणी काही केलेलं नसतं, आणि का गेली ते कुणालाच सांगता येत नाही. मी पाहिलेलं नाही, तपासलेलं नाही. मला माहीत नाही."

पंचफुलानं गुडघ्यांना मिठी मारली. ती रडत होती का ते मला दिसलं नाही.

"सगळ्यायले माहीत होतं, मॅडम," ती म्हणाली. "सासूले माहीत होतं, म्हणे तू कुशीत दाबली असशीन. शेजारच्या बाईले माहीत होतं, म्हणे तुहं दूध बाधलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तं वर पायलं पण नाई. म्हणे आईनं लक्ष द्याले पायजे होतं. यायले," तिनं माझ्याकडे मान केली, "यायले पण माहीत असन, हे बोलले नाई फक्त. एकटे तुमीच म्हणून रायल्या का माहीत नाई."

मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं की मी काही न बोलून तिला जपलं. वर्षभर पोरीचं नाव काढलं नाही, वाळ्यांचं नाव काढलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा तिनं काय अर्थ लावला होता ते मला तेव्हा कळलं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "मले पण माहीत नाही. कधीच नव्हतं."

"मंग बोलायचं ना," ती म्हणाली.

बाहेर मुळावकर साहेबांचा आवाज आला. मॅडम उठल्या, दार उघडलं आणि उंबऱ्यातच त्यांना सांगितलं, "टाकीत चांदीचा दागिना पडला. टाकीवर झाकण बसवायचं काम माझं होतं, मी बसवलं नाही. लिहून देते."

"कुणाचा दागिना?" साहेबांनी विचारलं.

"टाकी माझी, तेव्हा जबाबदारी माझी. यापुढे विचारायचं असेल तर ते बाटल्या हलवायचं यंत्र वर्षभर कुणाच्या टेबलावर पडून आहे तेही विचारू."

साहेब आल्या वाटेनं परत गेले. त्याच संध्याकाळी मॅडमना नागपूरच्या कचेरीतून बोलावणं आलं. कमिटीनं येऊन रिकामी टाकी पाहिली, चहा घेतला आणि गेली. काम तेव्हा बंद पडलं नाही. दोन वर्षांनी पडलं, बाहेरचं तांबं स्वस्त मिळतं म्हणून. त्यात ना चांदीचा दोष होता ना जंतूंचा. डोंगर आजही तसाच उभा आहे.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी मॅडम निघायच्या आधी आम्ही तिघं खोलीतच होतो. खिडकीपाशी मागे ठेवलेली ती एक बाटली होती. मॅडमनी ती उचलून पंचफुलापुढे धरली.

"मी येईपर्यंत सांभाळायची. ही गेली तर मात्र काहीच नाही उरत."

पंचफुलानं हात मागे घेतले. पदराखाली लपवले. "मी नाई," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाले द्या."

मॅडमनी आग्रह केला नाही. बाटली माझ्या हातात दिली. "डोमाजी, दिवसातून चार-पाचदा हलवायची. बूच घट्ट लावायचं नाही, हवा लागते. हलवून दाखवा बरं."

मी हलवली. दगड फोडणाऱ्या हातांनी जशी हलते तशी हलवली. पाणी बुचापर्यंत उसळलं.

"हळू," पंचफुला म्हणाली.

मी जरा हळू केलं.

"अवो, असं नाई. बाटली हलवून रायले का मोसंबी धुवून रायले?"

"मग कसं?"

"गोल. मनगटानं गोल. तळाशी बसलेलं उठलं पायजे, वरचं सांडलं नाई पायजे." तिचे हात पदराबाहेर आले होते आणि हवेत गोल फिरत होते. "द्या इकडे. मारसान तुमी."

मी दिली. तिनं बाटली उजेडाला धरली, तिरकी केली, तळ पाहिला, आणि हलवायला लागली. मॅडमनी पिशवी खांद्याला लावली. त्या दाराबाहेर पाऊल टाकणार इतक्यात पंचफुलानं बाटलीवरची नजर न काढता सांगितलं,

"आजपासून मले इचारल्याबिगर याच्यात कोणी काई घालू नका. मॅडम, तुमी पण."